फवारणीआधीचा आकडा

सिरम कोलिनेस्टरेज. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या भागातल्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टांवर ही ओळ हमखास दिसते; फवारणीचं विष अंगात गेलं की रक्तातला जो घटक घटतो, त्याची ही मोजणी. तिच्यापुढे एक आकडा असतो आणि शेजारी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते. आकडा त्या मर्यादेत बसला की नातेवाइकांना सांगितलं जातं, विष चढलेलं नाही, घाबरू नका, पेशंटला घरी न्या. या ओळीचा असा वापर चुकीचा आहे आणि कित्येकदा धोक्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा खरोखर उपयोगी पडावा असं वाटत असेल, तर फवारणी करणाऱ्या प्रत्येकाचं रक्त हंगाम सुरू होण्याआधी, जूनमध्येच, एकदा तपासून ती नोंद त्याच्या हाती द्यायला हवी. ही मागणी नवी नाही. फवारणी करणाऱ्यांची कामाआधी आणि वेळोवेळी वैद्यकीय तपासणी करा, असं आपल्या देशाचे १९७१ चे कीटकनाशक नियमच सांगतात.

यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा हा कपाशीचा पट्टा. पोळा झाला की पऱ्हाटी कमरेच्या वर जाते, पाती-फुलं धरते, आणि फवारणीला जोर येतो. ज्याचं वावर त्यानंच फवारायचं, हे दिवस पुष्कळ गावांत मागे पडले. आता फवारणारे मजूर वेगळे असतात. पंपामागे मजुरी ठरते, जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. आज या वावरात, उद्या त्या वावरात, असे दोन-अडीच महिने त्यांच्या पाठीवरचा पंप उतरत नाही. शेतमालकाच्या अंगावर हंगामात मोजक्या फवारण्या येतात, मजुराच्या अंगावर जवळजवळ रोज.

फवारणी जवळून पाहिली नसेल तर एकदा बांधावर जाऊन पाहा. प्लास्टिकच्या ड्रममध्ये विहिरीचं पाणी ओतलेलं असतं. बाटलीचं झाकण हेच माप. एक झाकण अळीचं, एक मावा-तुडतुड्यांचं, वर थोडं टॉनिक, आणि तुराटीनं ढवळायचं. पंपाचं झाकण नीट बसलेलं नसतं. पंप पाठीवर घेतला की द्रावण मणक्यावरून कमरेपर्यंत ओघळतं, शर्ट ओला होतो, उन्हात वाळतो, पुन्हा ओला होतो. नोझल तुंबलं तर तोंड लावून फुंकणारी माणसं मी पाहिली आहेत. सप्टेंबरातल्या दमट उकाड्यात छातीएवढ्या पऱ्हाटीतून चालताना तोंडाला रुमाल बांधला तरी दहा मिनिटांत जीव कासावीस होतो. आणि यातल्या बहुतेक कीटकनाशकांना नाका-तोंडाची वाटही लागत नाही. ओल्या कातडीतून ती सरळ आत उतरतात.

आत गेल्यावर काय होतं, हे मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी फळ्यावर मांडतो. अभ्यासक्रमात नसलं तरी मांडतो, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे बाप त्या वेळी वावरात पंप घेऊन असतात. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो, पण स्नायूला भिडायच्या शेवटच्या टप्प्यावर तो एका रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. मज्जातंतू आपला निरोप रसायनातून पोचवतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगानं दाखवलं. त्या कामासाठी १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं. हुकूम पोचला की हे अ‍ॅसिटिलकोलिन तिथून ताबडतोब नाहीसं व्हावं लागतं, नाहीतर पुढचा हुकूम घ्यायला स्नायू मोकळाच राहत नाही. ते तोडून टाकण्याचं काम कोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. त्याचा एक-एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, क्लोरपायरिफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. ती या विकराच्या नेमक्या काम करायच्या जागी जाऊन चिकटतात. अळीच्या शरीरातही हेच तंत्र आणि माणसाच्या शरीरातही हेच, म्हणून अळीवरचं विष माणसालाही भोवतं. विहिरीवरची मोटार चालू झाली आणि बंद करायचं बटणच अडकून बसलं तर पाणी जसं वावरभर होईल, तसा प्रकार शरीरात घडतो. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होऊन दिसायला अंधूक होतं. दंड-मांड्यांचे स्नायू आपोआप फडफडतात. छातीत कफ दाटतो आणि शेवटी श्वास ओढणारे स्नायूच थकतात. अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन स्राव आवरतं. प्रॅलिडॉक्झिम, ज्याला दवाखान्यात सगळे 'पॅम' म्हणतात, ते वेळेत मिळालं तर विकराला चिकटलेलं विष सोडवू शकतं. उशीर झाला तर विकर आणि विषाची गाठ कायमची पक्की होते, आणि शरीराला ते विकर नव्यानं तयार करावं लागतं.

आता रिपोर्टवरच्या त्या ओळीकडे येऊ. कोलिनेस्टरेज या एका नावाखाली माणसाच्या शरीरात दोन वेगळी विकरं आहेत. १९३२ मध्ये एडगर स्टेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या रक्तद्रवातून काढलेल्या विकराला हे नाव दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत उलगडलं की रक्तद्रवातलं विकर वेगळं आणि लाल पेशींवरचं वेगळं. मज्जातंतूच्या टोकाशी काम करणारं विकर आणि लाल पेशींवरचं विकर एकच, ते अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज. रक्तद्रवातलं दुसरं, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, यकृतात तयार होतं. डॉक्टर त्याला 'स्युडो' म्हणतात. आपल्याकडे 'सिरम कोलिनेस्टरेज' म्हणून जे मोजलं जातं ते हे दुसरं. मोजायला सोपं म्हणून ते मोजतात, आणि ते चूक नाही, कारण विष अंगात गेलं की बहुतेक वेळा तेही घटतं. पण यकृताचा आजार असेल, कुपोषण असेल, बाई गरोदर असेल, तर ते विषाशिवायही कमी येतं. दारूनं यकृत खराब झालेल्या माणसाचं कमी येतं. उलट फवारणी थांबवल्यावर हे विकर काही आठवड्यांत भरून येतं, पण लाल पेशींवरचं विकर भरायला त्या पेशी नव्या तयार व्हाव्या लागतात, आणि लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. म्हणजे रक्तद्रवातला आकडा सुधारलेला दिसत असताना मज्जातंतूंपाशी तूट शिल्लक असू शकते. कोणतं विकर मोजलं आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी मोजलं, या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय त्या आकड्याचं वाचन पुरं होत नाही. रिपोर्टवर दुसरी गोष्ट मला कधीच लिहिलेली दिसली नाही.

त्याहून मोठी अडचण 'नॉर्मल' मर्यादेची आहे. ती प्रयोगशाळेगणिक बदलते, पण बऱ्याच ठिकाणी साधारण पाच हजारापासून बारा हजार युनिटांपर्यंत असते. खालच्या टोकाच्या दुपटीहून वरचं टोक मोठं. माणसामाणसांत या विकराचं प्रमाणच इतकं वेगळं असतं, त्याला प्रयोगशाळा तरी काय करणार? समजा, एका माणसाचं स्वतःचं, निरोगी असतानाचं प्रमाण ११,००० आहे. महिनाभर फवारून ते ५,५०० वर आलं. त्याचं निम्मं विकर गेलं आणि रिपोर्टवर शेरा 'नॉर्मल'. दुसऱ्याचं प्रमाण जन्मापासून ४,८०० आहे. त्याच्या अंगात विषाचा थेंब नाही, पण त्याच्या कागदावर 'कमी' म्हणून खूण. काही माणसांत तर हे विकर जन्मतःच जवळजवळ नसतं. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात असा जनुकीय दोष आढळतो, हे भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे, कारण अशा माणसाला भुलीत वापरलं जाणारं सक्सामेथोनियम हे औषध दिलं तर त्याचे स्नायू लवकर भानावर येत नाहीत. तेलंगणाची सीमा आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लागूनच आहे. अशा माणसाला विषबाधा झाली की नाही, हे एका सुट्या आकड्यावरून कोण सांगणार?

आमच्या गावातल्या एका फवारणाऱ्या मजुरानं मला हेच विचारलं होतं. "सर, रिपोर्ट त नॉर्मल हाये म्हन्ते, मंग डोयाले अंधारी काहून येते?" त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर देता येण्यासारखी एकच गोष्ट होती, त्याचा जूनमधला आकडा. तो कुणी कधी घेतलाच नव्हता.

जगात जिथं ही तपासणी गांभीर्यानं होते तिथं पहिली अट हीच असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून शेतावर कीटकनाशकं हाताळणाऱ्या मजुरांच्या कोलिनेस्टरेजवर देखरेख आहे. काम सुरू होण्याआधी मजुराचं मूळ प्रमाण मोजायचं. पुढचा प्रत्येक आकडा छापील मर्यादेशी न ताडता त्याच्या त्या मूळ प्रमाणाशी ताडायचा. मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर मालकानं कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर उतरलं तर त्या माणसाला फवारणीवरून काढायचं, आणि पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत लावायचं नाही. या सगळ्या टक्केवारीचा पाया म्हणजे पहिली मोजणी. ती नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

या विषांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्यांच्या साठत जाण्याची. कार्बामेट गटाची कीटकनाशकंही याच विकरावर बसतात, पण ती साधारण दिवसभरात आपोआप सुटतात. ऑर्गॅनोफॉस्फेट तशी सुटत नाहीत. सोमवारी फवारणाऱ्याचं विकर थोडं घटलं. ते भरून यायच्या आत मंगळवारी दुसऱ्याच्या वावरात आणखी थोडं. डोकं जड होतं, रात्री झोप लागत नाही, भूक मरते, पण माणूस कामावर जातो, कारण हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच. अशा माणसाच्या शरीरात ऑक्टोबर उजाडेपर्यंत इतकं कमी विकर उरलेलं असतं की एरवी पचून गेला असता असा एखादा दिवस त्याला आडवा करतो. मग सगळे त्या एका दिवसाची चौकशी करतात. मास्क होता का, वारा कुठून होता, जेवून गेला होता का, तंबाखू खाल्ली का. त्या दिवसाचे दोष असतीलही. पण ती पडझड सहा आठवड्यांची असते, आणि तिचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. ऑगस्टअखेर एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा त्याचं रक्त पाहिलं असतं, तर लक्षणं दिसायच्या आधी त्याला थांबवता आलं असतं. कोलिनेस्टरेजची तपासणी मुळात यासाठी आहे. आपण ती माणूस खाटेवर आल्यावर करतो.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, कित्येकांची नजर काही काळ गेली. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीलाही दाद दिली नव्हती, फवारण्या वाढल्या होत्या. विशेष तपास पथक नेमलं गेलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे प्रकरण गेलं, पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली. त्यानंतर जनजागृती झाली. हातमोजे, चष्मे, मास्क वाटले गेले, पोस्टर लागली. या गोष्टींना मी नावं ठेवत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न अनुत्तरितच राहिला. रुग्णालयापर्यंत आले ते मोजले गेले. जे आले नाहीत, ज्यांचं विकर निम्म्यावर येऊन घरी पडून बरे झाले, ते किती होते? याचं उत्तर त्या वर्षीच्या जूनमध्ये कुणाचंही रक्त पाहिलेलं नसल्यामुळे कधीच मिळणार नाही.

बंदी घातलेल्या त्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट आणि प्रोफेनोफॉसचं मिश्रण ही तीन कोलिनेस्टरेजवर बसणारी. डायफेन्थियुरॉन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण यांचा परिणाम वेगळ्या मार्गानं होतो. त्यांनी बाधा झाली तर हे विकर घटणार नाही. म्हणून काही जण म्हणतात, या तपासणीचा उपयोगच अर्धा आहे. मला उलट वाटतं. माणूस बेशुद्ध आहे, त्यानं कोणती बाटली वापरली ते घरच्यांना सांगता येत नाही, बाटली नाल्यात फेकलेली आहे, आणि मिश्रण तर तीन-तीन औषधांचं. अशा वेळी त्याचा जूनचा आकडा हाती असेल आणि आजचा त्याच्या बरोबरीनं असेल, तर डॉक्टरला कळतं की विष या गटातलं नाही, पॅमनं इथं काही साधणार नाही, दुसरीकडे पाहायला हवं. पण हे 'नॉर्मल' स्वतःच्या मूळ आकड्याशी ताडलेलं असलं तरच खरं. छापील मर्यादेशी ताडलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

कायद्याचं बोलू. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. त्यातला ३७ वा नियम वैद्यकीय तपासणीचा आहे. कीटकनाशकं तयार करण्याच्या किंवा फवारण्याच्या कामात जी माणसं त्यांच्या संपर्कात येतात, त्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळानं डॉक्टरकडून तपासणी व्हावी, आणि कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं असेल तर कारखान्यातल्या कामगारांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज निदान महिन्यातून एकदा मोजलं जावं, असं तो सांगतो. फवारणी करणाऱ्यांच्या तपासणीचा उल्लेख नियमात आहे. कारखान्यांत त्याचं किती पालन होतं हा वेगळा विषय. वावरात मात्र तो पोचलेलाच नाही. कारण उघड आहे. नियम मालक गृहीत धरून लिहिला आहे, आणि पाच एकरवाला कोरडवाहू शेतकरी जेव्हा शेजारच्या वस्तीतला मजूर पंपाच्या हिशेबानं लावतो तेव्हा मालक म्हणवला जाणाऱ्या त्या माणसालाही हा नियम माहीत नसतो, आणि माहीत असला तरी तो रक्त तपासायला कुठं नेणार? हा भार त्याच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. कीटकनाशक विकून ज्यांचा धंदा चालतो त्या कंपन्यांवर आणि ते विकायला परवानगी देणाऱ्या शासनावर तो टाकायला हवा. परवाना देताना माणसांना बाधा होऊ शकते हे मान्य करायचं, बाटलीवर लाल त्रिकोण छापायचा, आणि बाधा होते की नाही हे मोजायची सोय मात्र करायची नाही, ही पन्नास वर्षांची चालढकल आता थांबली पाहिजे.

माझ्या काही मित्रांना ही मागणी अपुरी वाटते. ते म्हणतात, रक्त कसलं तपासता, विषच बंद करा. त्यांच्या भावनेशी मी सहमत आहे. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्येच बंदी आली, २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात ते मिसळलं जाऊन २३ मुलं गेली, आणि केंद्रानं ३६ टक्के एसएल, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या द्रावणाच्या स्वरूपातलं मोनोक्रोटोफॉस थांबवण्याचा आदेश काढला तो २०२३ मध्ये. एका कीटकनाशकाला इतकी वर्षं लागली. त्याच गटातली दुसरी अजून कृषी केंद्रांच्या मांडणीवर आहेत. ती जाईपर्यंत फवारणाऱ्यांना तसंच सोडायचं का? शिवाय बंदीच्या मागणीला पुरावा लागतो. शेकडो माणसांचे जूनचे, ऑगस्टचे, ऑक्टोबरचे आकडे एका वहीत असतील तर कोणत्या गावात, कोणत्या फवारणीनंतर विकर कोसळलं हे दाखवता येईल. आज कंपन्या सहज म्हणू शकतात की चूक वापरणाऱ्याची होती, कारण त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काही नाही.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा असतो आणि तो पूर्ण खरा आहे. रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, छातीत घरघर दिसली की अ‍ॅट्रोपिन सुरू झालं पाहिजे, रक्त नंतर. माझ्या म्हणण्यातून कुणी उलटा अर्थ काढू नये. आकड्याची गरज आधी आहे आणि नंतर आहे. नंतरची विशेष, कारण बरा वाटणारा माणूस एक ते चार दिवसांनी पुन्हा ढासळू शकतो. मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा प्रकार श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये वेगळा ओळखून नोंदवला. ज्याला दुसऱ्या दिवशी 'नॉर्मल' सांगून एसटीनं गावी पाठवलं, त्याला चौथ्या दिवशी तालुक्याला परत आणताना वाटेत काय होईल याची कल्पना करा.

खर्चाचा मुद्दा मला पटत नाही. जॉर्ज एलमन यांनी १९६१ मध्ये जी पद्धत दिली तीच आजही जगभर वापरतात. विकर काम करत असेल तर नळीत पिवळा रंग चढतो, आणि रंग किती वेगानं चढतो यावरून प्रमाण काढतात. ग्रामीण रुग्णालयांत साखर आणि यकृताच्या तपासण्या ज्या यंत्रावर होतात त्यावर हेही होतं, फक्त त्याचा किट मागवावा लागतो. बोटातून काढलेल्या थेंबावर काही मिनिटांत लाल पेशींतलं विकर मोजणारी, हातात नेता येतील अशी उपकरणंही आहेत.

आणि गावातल्या लोकांना असलं रसायनशास्त्र कळणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे जावं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तिथं शाळांत, आश्रमशाळांत, पाड्यांवर रक्त घेतलं गेलं, कार्डं दिली गेली. आज तिथली आई सहज सांगते की मोठा 'एएस' आहे, धाकटीला 'एसएस' निघालं, आणि सोयरीक जुळवताना दोन्ही घरं आधी कार्ड विचारतात. हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलाची नावं आहेत ती; 'एएस' म्हणजे नुसता वाहक, 'एसएस' म्हणजे आजार असलेला. ज्या लोकांच्या जिवाशी एखाद्या गोष्टीचा संबंध असतो ते ती शिकतात. मूळ प्रमाण आणि आजचं प्रमाण हा हिशेब तर त्याहून सोपा आहे. कापसाचा उतारा गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, हे मांडणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

खरी अवघड बाजू मजुरीची आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. रक्त तपासलं, विकर ६० टक्क्यांवर आलं, आशाताई म्हणाल्या महिनाभर फवारू नकोस. त्या महिन्याची चूल कशी पेटणार? ज्याला कळेल की तपासणीनंतर काम सुटतं तो पुढच्या वेळी तपासणीला येणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात कीटकनाशकं हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून धरली जाते. पण ती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर, आणि ती सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी. ज्याच्या नावावर गुंठाही नाही आणि जो सर्वांत जास्त पंप मारतो, तो तिच्या बाहेर. म्हणून तपासणीसोबत दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. भूमिहीन मजुराला या संरक्षणात घ्यायचं, आणि ज्याला फवारणीतून थांबवलं त्याला तेवढ्या काळात रोजगार हमीचं काम मागताक्षणी द्यायचं. हे काम फवारलेल्या वावरापासून लांबचं असावं लागेल, पांदण रस्त्याचं किंवा शेततळ्याचं, कारण फवारलेल्या पऱ्हाटीत निंदण केलं तरी पानावरचं विष अंगाला लागतंच.

तिथून बायकांचा विषय निघतो, आणि तो नेहमी राहून जातो. पंप मारणारा पुरुष, म्हणून विषबाधा पुरुषाला, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. ड्रममध्ये पाणी आणून ओतणारी बाई असते. नवऱ्याचे ओले कपडे हातानं धुणारी तीच. दोन दिवसांनी त्याच वावरात निंदायला वाकणारीही तीच. गरोदरपणात रक्तद्रवातलं विकर तसंही उतरतं, म्हणून तिचा मूळ आकडा तर आणखी जपून घ्यायला हवा, शक्य असेल तिथं लाल पेशींतला.

या वर्षीपुरतं बोलायचं तर १ मेच्या ग्रामसभेत ठराव घेता येतो. गावातल्या फवारणी करणाऱ्या सगळ्यांची यादी, मालक आणि मजूर दोन्ही, आशाताईंकडे द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रानं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, धूळपेरणीच्या धावपळीतून एक सकाळ काढून, सगळ्यांचं रक्त घ्यावं. ज्यानं आदल्या महिन्यात उन्हाळी भाजीवर फवारलं असेल त्याच्या नावापुढे तसं लिहावं, कारण त्याचा आकडा मूळचा धरता येणार नाही. रिपोर्टवर कोणतं विकर आणि कोणत्या पद्धतीनं मोजलं ते असावं, आणि पुढच्या वेळी त्याच प्रयोगशाळेत त्याच पद्धतीनं मोजावं, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एक प्रत केंद्रात, एक त्या माणसाच्या घरी रेशनकार्डासोबत. पोळ्यानंतर दुसरी मोजणी, दसऱ्याच्या सुमारास तिसरी. आणि बोटातून थेंब घ्यायचा असेल तर आधी त्या माणसाचे हात साबणानं दोनदा धुऊन घ्यावेत, कारण बोटावर कालच्या फवारणीचं औषध असेल तर ते नळीत उतरतं आणि आकडा खोटा कमी येतो.